आम्हाला कुठेच पोचायचं नसतं तेव्हा : नकाशाचं अ‍ॅप बनवणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाहीये. फोनवर नकाशा दाखवणारी, डावीकडे वळा उजवीकडे वळा सांगणारी जेवढी म्हणून अ‍ॅप्स आहेत ती बनवणाऱ्या सगळ्यांना आहे, कोड लिहिणाऱ्यांना, डिझाइन करणाऱ्यांना, आणि पुढच्या अपडेटमध्ये काय घालायचं ते ठरवणाऱ्यांना तर नक्कीच. आधीच सांगते, तुमचे उपकार आहेत. रात्रीबेरात्री अनोळखी भागात दवाखाना शोधायची वेळ आली होती तेव्हा तुमच्याच निळ्या रेषेने पोचवलं, आणि रोज ऑफिसला जाताना पुढे कुठे गाडी अडकली आहे ते तुम्हीच सांगता. त्यामुळे हे भांडण नाही, रोज वापरणाऱ्या माणसाने हक्काने केलेली मागणी आहे.

मागणी एका वाक्यात अशी, की अ‍ॅप उघडल्यावर तुम्ही पहिला प्रश्न विचारता "कुठे जायचंय?", तर त्याच्या शेजारी अजून एक प्रश्न ठेवा, "किती वेळ आहे?"

कारण सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तरच नसतं. तीन तास मोकळे असतात, घरात बसून आंबलेली चार माणसं असतात, बाहेर छान ढगाळ हवा पडलेली असते, आणि कोणीतरी म्हणतं चला ना जरा फिरून येऊ. मग फोन हातात घेतला की तो विचारतो कुठे, आणि आम्ही तेच एक नेहमीचं नाव टाकतो जे आम्हाला आणि बाकी सगळ्यांनाही माहीत असतं, तिथे पोचतो, पार्किंग मिळत नाही, गर्दीत अर्धा तास काढतो आणि ज्या हायवेने गेलो त्याच हायवेने परत येतो. तीन तास गेले आणि पाहिलं काय, तर पुढच्या गाडीची डिकी. हे मी एकटीचं सांगत नाहीये, आजूबाजूला कोणालाही विचारा.

मोठ्या ट्रिपा वर्षातून एखादी होते. बाकीचे पन्नास रविवार जवळपासच काढायचे असतात, आणि खरं सांगायचं तर माणसाला वर्षभर ताजं ठेवतात ते हे पन्नास रविवारच. तासाभराच्या अंतरावरचा वळणाचा रस्ता, अर्ध्या दिवसात चढून उतरता येईल अशी टेकडी, संध्याकाळी नुसतं जाऊन बसावं असं पाण्याकाठचं एखादं ठिकाण. हे सगळं आपल्याजवळ असतं पण दिसत नाही, आणि का दिसत नाही त्याचा मी बराच विचार केलाय.

आम्ही या घरात ११ वर्षं राहतोय. घरापासून ६ किलोमीटरवर तलाव आहे हे माहीत होतं, पण तलावाच्या मागच्या अंगाने एक छोटा रस्ता जातो हे गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं. कळलं तेही कसं, तर मुख्य रस्त्याचं काम काढलं होतं म्हणून एका माणसाने हाताने खूण करून गाड्या आत वळवल्या. आत शिरलो आणि गाडीत सगळे एकदम गप्प झाले. दोन्ही बाजूंच्या झाडांनी वर एकमेकांत फांद्या घातलेल्या, खोडांच्या मधून मधून पाणी चमकतंय, आणि ऊन पानांतून गाळून आल्यासारखं डॅशबोर्डवर नाचतंय. आई मागे बसली होती, ती म्हणाली थांबव ना जरा. पुढे कडेला रुंद जागा होती तिथे थांबवली. वीस मिनिटं आम्ही काहीही केलं नाही, नुसते उभे होतो, एक खंड्या पाण्यावर सूर मारत होता तो पाहत होतो. फोन मात्र सारखा यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या म्हणत होता, शेवटी आवाज बंद केला. त्या रस्त्याने घरी यायला ४ मिनिटं जास्त लागतात. त्या ४ मिनिटांसाठी ११ वर्षं तो रस्ता आम्हाला एकदाही दाखवला गेला नाही.

आता मी काही इंजिनियर नाही, पण हे असं का होतं ते समजून घेतलं. एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या साधारण वीस मिनिटांत दोन ठिकाणांमधली सगळ्यात स्वस्त वाट शोधायची रीत सुचली, १९५९ मध्ये ती छापून आली, आणि आजही रस्ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुळाशी बऱ्याचदा तीच कल्पना असते. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि ज्या वाटेची बेरीज सगळ्यात कमी ती निवडायची. मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर तो आकडा कशाचा असावा यावर काहीच बंधन नाही. मिनिटांचा असू शकतो, किलोमीटरचा असू शकतो, टोलचा असू शकतो, इंधनाचा असू शकतो (इंधन वाचवणारे रस्ते तुमच्यातल्या काहींनी दाखवायला सुरुवात केलीच आहे). मग झाडांच्या सावलीचा का नको, पाणी दिसण्याचा का नको, कमी हॉर्नचा का नको. गणित तेच आहे, फक्त तुकड्यावर चिकटवलेला आकडा बदलायचा आहे.

आणि हे कोणी करून पाहिलं नाही असंही नाही. २०१४ मध्ये याहू लॅब्स आणि इटलीतल्या तुरीन विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनच्या रस्त्यांवर नेमकं हेच केलं. लोकांना दोन-दोन ठिकाणांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले, यातलं सुंदर कुठलं, शांत कुठलं, आनंदी वाटणारं कुठलं ते विचारलं, आणि त्या उत्तरांवरून चालायचे मार्ग काढले. निघालं काय, तर सुंदर वाटेला सगळ्यात जवळच्या वाटेपेक्षा फक्त थोडी मिनिटं जास्त लागतात. मी हे वाचलं आणि मला आमचा तलावामागचा रस्ताच आठवला.

कागदी नकाशे काढणाऱ्यांना तर ही अक्कल फार आधीपासून होती. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीच्या नकाशांवर देखण्या रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते, त्याला ना सेन्सर लागला ना डेटा, कोणीतरी त्या रस्त्याने गेलं, त्याला आवडलं आणि त्याने नकाशावर ते नोंदवून ठेवलं. माझ्या बाबांकडेही एक घडी पडून पडून फाटायला आलेला नकाशा आहे, त्यावर त्यांनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्यात, एका वळणाशी लिहिलंय "इथून खाली दरी, सकाळी धुकं". पाच शब्दांत त्या जागेची वेळसुद्धा सांगितली. तुमच्या पिनवर मला तारे दिसतात, चार पॉइंट दोन, चार पॉइंट पाच, पण सकाळी जा की संध्याकाळी जा हे कळत नाही.

बरं, "किती वेळ आहे" हा प्रश्नसुद्धा नवा नाही बरं का. १८८१ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने एक जगाचा नकाशा काढला होता, लंडनहून निघालं तर किती दिवसांत कुठपर्यंत पोचता येतं ते रंगांनी दाखवलेला. म्हणजे शहरं आणि देश यांच्या सीमा बाजूला, आणि वेळेच्या सीमा पुढे. मला तेच हवंय, फक्त माझ्या घराभोवती आणि तासांत. दीड तास जायला दीड तास यायला असं सांगितलं की माझ्या घराभोवती एक रंगाचा डाग पसरावा आणि त्यात जे जे आहे, ओढा आहे, टेकडी आहे, जुना पूल आहे, ते उमटावं. अर्धं जग तर त्या डागातच सापडेल.

आणि वाट गोल असू दे. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं सांगते. कामाला जाणारा माणूस इथून तिथे जातो, फिरायला जाणारा माणूस घरून घरीच येतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये घर ते घर असं टाकलं तर ते शून्य मिनिटं दाखवतं किंवा काहीच दाखवत नाही. मग आम्ही मधे मधे खोटे थांबे टाकून टाकून गोल वाट बनवत बसतो, त्यात एखादा थांबा चुकून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडला की सगळं बिघडतं. बाईकवाल्यांसाठी वळणांचे रस्ते आणि गोल राइड शोधून देणारी वेगळी अ‍ॅप्स आहेत, म्हणजे जमतं हे, फक्त आमच्यासारख्या साध्या कुटुंबाच्या रोजच्या अ‍ॅपमध्ये ते अजून नीट आलेलं नाही.

आता जरा पायी चालण्याबद्दल बोलते, कारण तिथे मी घाबरलेय.

भाचीला, ती ८ वर्षांची आहे, घेऊन एका टेकडीवर निघाले होते. अ‍ॅपने दाखवलं ३ किलोमीटर, ४० मिनिटं. दुपारी साडेचारला चालायला लागलो, म्हटलं सव्वापाचपर्यंत वर, थोडं बसू, सहाला निघू, पावणेसातच्या आत खाली. वर पोचायलाच सव्वासहा वाजले. चढ होता जवळपास ३०० मीटरचा आणि अ‍ॅपने ती वाट सपाट रस्त्यासारखी मोजली होती. वर गेलो तर सूर्य टेकलेला, आकाश केशरी, खरं तर आयुष्यात पाहिलेलं एक सुंदर दृश्य, पण मला त्याच्याकडे बघायचं धाडस होईना कारण उतरायचं होतं. उतरताना अर्ध्यात अंधार पडला. वाटेतल्या सुट्या खड्यांवरून पाय सटकत होते, तिचा हात घट्ट धरला होता, फोनचा टॉर्च लावला आणि बॅटरी १४ टक्के. ती रडली नाही, फक्त सारखं विचारत होती अजून किती राहिलं. मी म्हणत होते झालंच. खाली पोचलो तेव्हा माझे पाय थरथरत होते.

चूक माझीही होती, टॉर्च वेगळा न्यायला हवा होता, लवकर निघायला हवं होतं, ते मी शिकले. पण ४० मिनिटं हा आकडा माझ्या मनचा नव्हता ना.

चढाचा हिशोब कसा करायचा हे १८९२ मध्ये विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने लिहून ठेवलंय. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. (त्याने मैल आणि फुटांत लिहिलं होतं, हे आपल्या मापात साधारण असं बसतं.) या हिशोबाने माझ्या त्या वाटेला चालायची ३६ मिनिटं आणि चढाची ३० मिनिटं, म्हणजे न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसालाच तासाच्या वर लागले असते. लहान मूल असेल, दम खायला थांबणार असाल, तर पावणेदोन तासांत नवल काहीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा हिशोब फोनवर मिळायला हवा एवढंच माझं म्हणणं आहे. उंचीचा डेटा नाही असंही म्हणता येणार नाही, फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून ११ दिवसांत पृथ्वीवरच्या जवळपास ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजून झालीये आणि तो डेटा सगळ्यांना खुला आहे. स्वित्झर्लंडमध्ये ६५,००० किलोमीटरच्या आसपास पायवाटा आहेत आणि तिथल्या पिवळ्या पाट्यांवर किती किलोमीटर ते नाही, किती वेळ लागेल ते लिहिलेलं असतं. साधी पत्र्याची पाटी, पण तिला चढ कळतो.

आणि उतरण्याचा वेळ फुकट धरू नका. लोकांना वाटतं उतरणं म्हणजे सोपं, पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते बहुतेक उतरण्यामुळेच. ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचारा, तो सांगेल की चढ परवडला.

माझी विनंती अशी, की पायवाट दाखवताना तीन गोष्टी एका ओळीत दाखवा, एकूण चढ किती, माझ्या वेगाने जाऊन यायला किती वेळ, आणि आज सूर्य कधी मावळतोय. तुमच्या फोनला माझं ठिकाण माहीत आहे, तारीख माहीत आहे, म्हणजे सूर्यास्त माहीतच आहे. या तिन्हींची वजाबाकी करून "आत्ता निघालात तर उतरताना अंधार होईल" असं एक वाक्य त्या दिवशी मला दिसलं असतं तर मी निघालेच नसते, दुसऱ्या दिवशी सकाळी गेले असते. आता मी हात वापरते. हात पूर्ण लांब करायचा, बोटं आडवी धरून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते पाहायचं, एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. अगदी बरोबर येत नाही, पण चार बोटं उरली की मी मागे फिरते.

आता गाडीतल्या माणसांबद्दल. तुम्ही चालवणाऱ्याचा विचार करता, मागे बसणाऱ्यांचा कोणीच करत नाही.

आमच्या आईला गाडी लागते. वळणावळणाचा रस्ता तिला फार आवडतो आणि तोच तिला सोसत नाही, कानातला तोल सांगतो आपण हलतोय आणि डोळ्यासमोरची सीट सांगते आपण स्थिर आहोत, या दोन निरोपांच्या भांडणात पोट ढवळतं. तिला पुढे बसवलं, लांब क्षितिजाकडे बघायला सांगितलं, वेग कमी ठेवला, मधे दोनदा थांबलो तर तीच आई घाट मजेत बघते. म्हणून आम्हाला आधी कळायला हवं असतं की पुढच्या वीस किलोमीटरमध्ये किती वळणं आहेत, किती तीव्र आहेत, आणि मधे गाडी नीट बाजूला घेता येईल अशी जागा कुठे आहे. वळणांचा आकार तर तुमच्या नकाशातच काढलेला आहे.

थांबायच्या जागेचं तर काय सांगू. सगळ्यात सुंदर दृश्य नेमकं तिथे असतं जिथे थांबता येत नाही, आंधळं वळण, कडेला गटार, मागून ट्रक. लोक तिथेच थांबतात आणि अपघात होतात. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, चालवणाऱ्याने दोन सेकंद दरीकडे बघितलं तर ३० मीटरच्या वर गाडी न बघता गेली. म्हणून दृश्य दाखवताना सोबत "पुढे ८०० मीटरवर थांबायला जागा आहे" एवढं सांगा, चालवणारा निर्धास्तपणे समोर बघेल. नॉर्वेने १८ रस्ते खास निसर्ग पाहण्याचे म्हणून निवडले आणि त्यांच्यावर जागोजागी थांबायच्या जागा वास्तुरचनाकारांकडून मुद्दाम बांधून घेतल्या. अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे तर हळू जाण्यासाठीच बांधला, ७५५ किलोमीटर लांब, १९३५ मध्ये काम सुरू झालं आणि १९८७ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला, त्यावर मालवाहू ट्रकना बंदी आणि बहुतेक ठिकाणी वेगाची मर्यादा ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. रस्ता बांधणाऱ्यांनी पन्नास वर्षं लावून हळूपणा बांधला, आम्ही फक्त नकाशावर एक बटण मागतोय.

आणि बाबा. त्यांचा उजवा गुडघा आता चढ घेत नाही. पूर्वी आमच्या पुढे चालायचे आणि वर जाऊन आमची वाट बघायचे, आता गाडीत बसून म्हणतात तुम्ही जाऊन या, मी इथेच बरा आहे. ते बरे नसतात हे मला माहीत आहे. त्यांना १ किलोमीटरची सपाट वाट, मधे टेकायला दोन बाक, आणि जवळ स्वच्छतागृह एवढंच हवं असतं, एवढ्यावर तो माणूस दोन तास पक्षी बघत रमतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, जो २००४ पासून लोकांनीच मिळून बनवलेला नकाशा आहे, बाक नोंदवायची सोय आहे, पिण्याच्या पाण्याची आहे, स्वच्छतागृहाची आहे, पायवाट किती अवघड त्याचीही आहे. माझ्या भागातले सात बाक मी स्वतः नोंदवलेत, चालत जाऊन, एकेकाशी उभं राहून. म्हणजे आम्ही मेहनत करायला तयार आहोत. पण मोठ्या अ‍ॅपमध्ये "बसायला जागा असलेली वाट" असं शोधता आलं तर माझ्या बाबांसारखी कितीतरी माणसं गाडीतून उतरतील. बायकांसाठी स्वच्छतागृहाची माहिती म्हणजे जायचं की नाही जायचं याचा निर्णय असतो, त्यावर जास्त लिहायची गरज नाही, ज्या बायका तुमच्या टीममध्ये आहेत त्यांना विचारा.

एक गोष्ट मला अगदी अलीकडे कळली आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेय. सपाट जमिनीवर उभं राहिलं तर क्षितिज असतं जेमतेम पावणेपाच किलोमीटरवर. तेच आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच टेकडीवर चढलं तर, हवा स्वच्छ असेल आणि मधे काही आड येत नसेल तर, क्षितिज जातं ३६ किलोमीटरपर्यंत. शंभर मीटर म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारतीएवढं, लहान मूलसुद्धा चढतं. एवढ्याशा चढात नजरेचा पल्ला सातपट वाढतो! मग मोठ्या शिखरांच्याच मागे का लागायचं. घराजवळच्या टेंगळाएवढ्या टेकडीवरून रोज जिथे राहतो ते सगळं पायाशी दिसतं, आपली इमारत शोधायची, शाळा शोधायची, लांबचे डोंगर निळे निळे होत जातात ते मोजायचे, कारण मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, जितका डोंगर लांब तितका जास्त निळा. कुठल्या टेकडीवरून काय दिसेल हे उंचीच्या डेटावरून काढता येतं. "तुमच्यापासून २० मिनिटांवर एक जागा आहे, तिथून सूर्यास्त मोकळा दिसतो" असं फोनने सांगितलं तर कोण घरात बसेल? पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्य मावळतानाच उगवतो, त्या संध्याकाळी पूर्वेकडे मोकळी असलेली टेकडी दाखवा. एवढं एक केलंत तरी मी आजन्म ऋणी राहीन.

आता ज्या गोष्टीची मला काळजी वाटते ती पण लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धवट होईल. तुम्ही उद्या "सुंदर रस्ता" असं बटण दिलंत आणि सगळ्यांना एकच रस्ता दाखवलात तर तो रस्ता महिन्याभरात संपेल. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लिओनिया या छोट्या गावाला २०१८ मध्ये आपल्या साठेक गल्ल्या गर्दीच्या वेळी बाहेरच्या गाड्यांना बंद कराव्या लागल्या होत्या, कारण अ‍ॅपं ट्रॅफिक चुकवायला सगळ्यांना तिथूनच काढत होती. लोकांना स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढता येईना. आमच्या तलावामागच्या रस्त्याचं असं झालेलं मला बघवणार नाही, आणि म्हणून मी त्याचं नाव या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा कृपा करून टॉप टेन काढू नका. दहा कुटुंबांनी विचारलं तर दहा वेगळ्या वाटा द्या, कुठे गाड्या वाढल्या तर तो रस्ता काही आठवडे मागे ठेवा, ट्रॅफिक तर तुम्हाला आमच्यापेक्षा आधी दिसतं. पक्षी घरटी करतात त्या दिवसांत तिथली पायवाट दाखवू नका. शेताच्या बांधावरून, कोणाच्या अंगणातून जाणारी वाट नकाशात दिसते म्हणून सगळ्यांसाठी खुली आहे असं समजू नका. आणि जिथे वाट नागमोडी आहे तिथे सरळ रेषेत खाली उतरणारा शॉर्टकट कधीच सुचवू नका, त्या शॉर्टकटवरून पावसाचं पाणी धावतं, माती वाहून जाते आणि दोन वर्षांत तिथे घळ पडते, ही घळ मी एका टेकडीवर वाढताना पाहिली आहे, आधी बूट बुडेल एवढी होती, आता गुडघा बुडतो.

नेटवर्कचं पण एक आहे. डोंगरात रेंज गेली की लोकांना वाटतं जीपीएसही गेलं, खरं तर जीपीएसला इंटरनेट लागत नाही, फोन फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकत असतो, जातो तो नकाशा, कारण तो आधी उतरवून ठेवलेला नसतो. वाटेत रेंज जाणार हे अ‍ॅपला कळू शकतं, मग निघायच्या आधी, घरचं वायफाय असतानाच विचारा की हा भाग डाउनलोड करून ठेवू का. मेनूच्या पाचव्या पानावर लपवलेली ती सोय पुढे आणा.

तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल की लोकांना वेळ वाचवायचा असतो, हे सगळं कोण वापरणार. सोमवार ते शुक्रवार मलाही वेळच वाचवायचा असतो, त्यात काही बदलू नका, ऑफिसला उशीर होत असताना मला झाडं दाखवू नका. पण तो वाचवलेला वेळ आम्ही कशासाठी वाचवतो? ती ४ मिनिटं मी आजवर कुठे साठवून ठेवू शकले नाही. वाट वाकडी करून एखादी गोष्ट बघायला जाणं हे आपल्याकडे प्रेमाचं लक्षण मानतात, कोणी आपल्यासाठी वाट वाकडी करून आलं की आपल्याला भरून येतं, तसं आपल्या आजूबाजूच्या जमिनीसाठीही कधीतरी वाट वाकडी करावी, आणि ती कशी करायची हे तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

येत्या रविवारी दुपारी साडेतीनपासून आमच्याकडे ३ तास आहेत. पुढच्या सीटवर आई, म्हणजे वळणं चालतील पण मधे दोन थांबे हवेत. मागे बाबा, त्यांना एक सपाट वाट आणि एक बाक. त्यांच्या शेजारी भाची, तिला काहीतरी चढायला हवंय, शंभर मीटर पुरे, आणि यावेळी टॉर्च ती स्वतः घेणार आहे असं तिने आधीच सांगून ठेवलंय. हायवे नको. सूर्य मावळायच्या आत टेकडीवरून खाली उतरलेलो असू. घरून निघून घरीच यायचंय.

कुठल्या बाजूने जाऊ?

तुमचं अ‍ॅप रोज उघडणारी,
मागच्या रस्त्याने घरी येणारी एक बाई